तुला जामीन कोण?

मुंबईत सँडहर्स्ट रोड स्टेशनाबाहेर पडून डोंगरीकडे चालू लागलात की हातगाड्या, दुकानं आणि माणसांच्या गर्दीत एक जुनी उंच भिंत लागते. आतल्या जागेचं सरकारी कागदावरचं नाव निरीक्षणगृह. रस्त्यावरची माणसं अजून रिमांड होमच म्हणतात. आत राहून आलेली मुलं तेवढंही म्हणत नाहीत. ‘मी डोंगरीत होतो’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं.

भिंतीला हात टेका. इथून पुढे मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणणार नाही. पकडून आणलेल्या पोराला कोणी ‘तुम्ही’ म्हणत नाही, आणि मला तुम्हाला त्याच्या जागी उभं करायचंय. तू चौदा वर्षांचा आहेस. एकशे साठ वर्षांतून मी तुला फिरवणार आहे, पण तुझं वय हलणार नाही. बाप बदलेल, वस्ती बदलेल, तुझ्या मुठीत सापडलेली वस्तू बदलेल. ती वस्तू कधीच मोठी नसेल. आणि दर वेळी तुझं पुढे काय होणार, हे एकाच गोष्टीवर ठरेल: तुझ्यासाठी कोण उभं राहतंय.

साल १८६४. हवेत कापूस उडतोय. कुलाब्याला गासड्यांचे डोंगर लागलेत. अमेरिकेत यादवी चालू आहे, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झालाय, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आहे. शहरात रोज नवी बँक, नवी कंपनी निघतेय. तू रत्नागिरीकडून गलबतानं आलास. मामा काम लावून देणार होता. मामा पटकीनं गेला आणि त्याच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. तीन दिवस तू गासड्यांच्या आडोशाला झोपलास. चौथ्या दिवशी फाटक्या गासडीतून सांडलेला कापूस पंच्यात गुंडाळून निघालास, आणि शिपायानं मनगट धरलं.

कोर्टात साहेब बोलतो ते तुला कळत नाही. तू बोलतोस ते साहेबाला कळत नाही. मध्ये दुभाषी आहे, त्याला घाई आहे. याच वर्षी फटक्यांचा कायदा झालाय. त्यात तुझ्या वयाच्या गुन्हेगारासाठी खास सोय केलेली आहे: हलका वेत, शाळेत शिक्षा करतात त्या रीतीनं. तू शाळा पाहिलेलीच नाहीस. तुरुंगात पाठवण्याऐवजी वेत मारून सोडणं ही तेव्हा दयाच समजली जात होती, आणि ती खोटी दया नव्हती; तुरुंगात लहान पोरांचं काय होतं हे त्या साहेबालाही ठाऊक होतं. फटके संपतात. तुला बाहेर सोडतात. कुठे जाणार, कोणी विचारत नाही. संध्याकाळी तू परत गासड्यांच्या आडोशाला जातोस, आज पाठीवर झोपता येत नाही एवढाच फरक.

त्याच कोर्टात आणखी एक दार होतं, हे तुला कळलंच नाही. १८५० सालचा उमेदवारीचा कायदा. १० ते १८ वर्षांच्या अनाथ किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून देता येत असे. आणि बगदादहून येऊन मुंबईत मोठा झालेला व्यापारी डेव्हिड ससून याच्या देणगीवर १८५७ पासून अशा मुलांसाठी एक उद्योगशाळा चालू होती. तिचं नाव आजही माहीमला आहे. तिथं तू गेला असतास तर रंधा धरायला शिकला असतास. त्या शाळेची शिस्त कडकच होती, मी तिला स्वर्ग म्हणत नाही. पण तिथं जेवणाची पत्रावळ होती आणि हाताला हत्यार होतं. त्या दारापर्यंत तुला नेण्यासाठी साहेबापुढे दोन वाक्यं बोलणारं माणूस लागत होतं. मामा जिवंत असता तर तो बोलला असता. मेलेल्या मामाची जागा घेणारं पद कायद्यानं तोवर काढलेलं नव्हतं.

पुढे चल. १८८२. पावसाळा. आता तू भिंतीच्या आत आहेस. डोंगरीचा तुरुंग म्हणतात तो हाच. तुझ्याकडे सापडला एक पितळी तांब्या. या खेपेला मात्र तुझ्यासोबत याच तुरुंगात दोन फार शिकलेली माणसं आहेत. दोघंही सव्वीस वर्षांची. कोल्हापूरच्या दिवाणाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’त लिहिलं म्हणून चार-चार महिन्यांची शिक्षा झालेली. टिळक आणि आगरकर. एका कोठडीत दोघं, रात्री उशिरापर्यंत बोलत असतात. बाहेर पडल्यावर आगरकर इथल्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहितील. तुझे दिवस कोणी मोजत नाही.

त्यांच्या खटल्यातली एक गोष्ट मला तुला सांगायचीय. खटला चालू असताना जामिनाचा प्रश्न आला. दहा हजार रुपये. पुण्याचे दोन तरुण मास्तर, त्यांच्याकडे कुठले? तेव्हा जोतीराव फुल्यांनी शब्द टाकला आणि त्यांच्या ओळखीचे रामशेठ उरवणे जामीन राहिले. फुल्यांचे आणि या मंडळींचे मतभेद सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तरी त्या वेळी ते उभे राहिले. आपल्या भाषेत जामीन देतात, जामीन मिळतो, आणि जामीन राहतातसुद्धा. या तिसऱ्या क्रियापदात माणूस आहे. पैशाची गोष्ट नंतरची. आधी कोणीतरी म्हणायला हवं की हा माझा, याच्यासाठी मी राहतो.

तुला जामीन कोण राहिलं? म्हणून तू इथं आहेस. सुधारशाळांचा कायदा होऊन सहा वर्षं झालीत, म्हणजे तुला तुरुंगातून काढून शाळेत घालता आलं असतं. ते दंडाधिकाऱ्याच्या मनावर. त्याच्या मनापर्यंत तुझं नाव पोचलं नाही. तुझ्या बाजूला झोपतो तो चाळिशीचा आहे, दोन बोटांत पात धरून खिसा कसा कापायचा ते तो तुला शिकवतो. वाईट माणूस नाही. स्वतःच्या भाकरीतला तुकडा तुला देतो, ताप आला तेव्हा पाणी देतो. आजवर तुझी एवढी विचारपूस कोणी केली नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीला ते दोघं सुटतात तेव्हा तुरुंगाबाहेर लोकांची गर्दी लोटलेली तुला आतून ऐकू येते. तू सुटतोस तेव्हा फाटकाबाहेर एकच माणूस उभा आहे: तो चाळिशीचा, तुझ्याआधी आठ दिवस सुटलेला. तो तुला न्यायला आलाय. तू त्याच्याबरोबर जातोस. कोण जाणार नाही?

मुलांना तुरुंगापासून दूर का ठेवायचं याची पुष्कळ शास्त्रीय कारणं पुढे लिहिली गेली. मला विचारशील तर सगळी या फाटकातल्या माणसात येतात. कोर्टानं, सरकारनं, समाजानं मोकळी सोडलेली जागा तो भरून काढतो. आधाराची भूक पोटातल्या भुकेइतकीच असते, आणि ती पहिल्यांदा जो भागवतो त्याच्या मागं मूल जातं.

आता थोडं लांब जाऊ. १९१९-२० च्या तुरुंग समितीनं सांगितलं की मुलांची न्यायालयं वेगळी करा. मद्रासनं १९२० मध्ये मुलांचा कायदा केला, बंगालनं १९२२ मध्ये, मुंबई इलाख्यानं १९२४ मध्ये. १९२७ साली मुंबईत ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली, आणि या भिंतीच्या आत तुरुंगाच्या जागी मुलांचं रिमांड होम आलं. भिंत तीच राहिली. ते मला कायम खटकत आलंय. मुलांसाठी नवी जागा बांधण्याऐवजी मुलांना जुन्या तुरुंगात आणलं.

तरी या काळात मी तुला जरा थांबवणार आहे, कारण इथं तुझ्या गोष्टीत एक नवीन माणूस येतो.

१९२८, ऑगस्ट. तू लालबागच्या चाळीत राहतोस. बाप साचेखात्यात आहे, म्हणजे होता. एप्रिलपासून गिरण्या बंद आहेत. मालक म्हणतात दोनाऐवजी तीन साचे चालवा. दीड लाख कामगार बाहेर आहेत. आई चार जणांची खाणावळ चालवायची, ते चौघंही संपकरी, चौघंही गावी गेले. वाण्याची उधारी बंद झालीय. तू करी रोडच्या रुळांवर पोतं घेऊन कोळसा वेचायला जातोस. सांडलेला वेचलास तोवर कोणी काही बोललं नाही. काल उभ्या वाघिणीवर चढलास.

रात्र डोंगरीत जाते. सकाळी तुझ्याशी एक गृहस्थ बोलायला येतात. काळी टोपी, काखेत वही. ‘काय चोरलंस?’ असं ते विचारत नाहीत, ते त्यांनी वाचलेलं आहे. विचारतात, ‘घरी कोण कोण असतं?’ तू गप्प. पुन्हा विचारतात, ‘धाकटी भावंडं किती?’ तू तीन बोटं दाखवतोस. ‘शाळा कितवीत सुटली?’ चार बोटं.

दुपारी ते तुझ्या चाळीचे जिने चढतात. मी तुला त्यांच्या मागून नेतो, बघ. पोलिसांचा माणूस समजून शेजारणी दारं लोटून घेतात. तुझी आई पदर डोक्यावर घेऊन भिंतीला टेकते, तिला वाटतं सावकाराचा कारकून आलाय. ते उंबऱ्याबाहेर चपला काढतात. हे बघितल्यावर आई रडायला लागते. ते खोलीत बसतात, पाणी पितात, चुलीकडे नजर टाकतात. चूल थंड आहे. वहीत लिहितात: बाप साचेवाला, संपावर. व्यसन नाही. मुलगा चौथीपर्यंत शाळेत, हजेरी चांगली. कोळसा घरात जाळण्यासाठी. शेवटचं वाक्य लिहिताना दोनदा थांबतात, कारण रेल्वेचा वकील म्हणणार आहे की तो विकण्यासाठी होता, आणि अर्धा खरंच विकण्यासाठी होता. ते दोन्ही लिहितात. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो या दोन्हीमुळे.

या माणसाला प्रोबेशन ऑफिसर म्हणतात. मेलेल्या मामाची जागा भरणारं पद अखेर निघालं. मुलांच्या न्यायालयात ते उभे राहतात आणि तुझ्या घराबद्दल बोलतात. तुला घरी सोडतात, त्यांच्या देखरेखीखाली. ते दर आठवड्याला चाळीत येणार, तू शाळेत जातोस की नाही बघणार. पहिल्या आठवड्यात तू त्यांना बघून पळतोस. तिसऱ्या आठवड्यात जिन्यावर वाट बघतोस. ऑक्टोबरात गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजतात तेव्हा घरातलं सगळ्यात मोठं संकट टळलेलं असतं, आणि तुझ्या नावावर तुरुंगाचा एकही दिवस लागलेला नसतो. संप मिटला नसता तर काय, हा प्रश्न उरतोच. वहीवाला माणूस उधारी फेडू शकत नाही.

पुढची वर्षं झपाझप जातील. १९३६ साली नागपाड्याला दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याची शाळा निघते, क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक. हीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३७ मध्ये तिथं मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय सुरू होतं. म्हणजे चाळीचे जिने चढणं हे आता शिकण्याचं काम झालं, नुसतं परोपकाराचं राहिलं नाही. हे मोठं पाऊल होतं.

पण या चांगल्या काळाची काळी बाजू तुला दाखवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. रिमांड होमच्या त्याच आवारात एक आठ वर्षांची मुलगी बसलीय. तिनं काही केलेलं नाही. ती बोरीबंदरला आईपासून चुकली. कायद्यानं अपराधी मूल आणि निराधार मूल दोघांना एकाच जाळ्यात घेतलं होतं. गरीब असणं, रस्त्यावर सापडणं, भीक मागणं एवढ्यावर मुलं वर्षानुवर्षं आत राहिली, आणि आत ठेवणाऱ्याला वाटत होतं की आपण आसरा देतोय. आसऱ्याला बाहेरून कडी असेल तर मुलाला तो तुरुंगच वाटतो. आधार देणं आणि डांबणं यांच्यातली ही गफलत आपण अनेक दशकं करत आलो, आणि ती सोडायला आपल्याला फार वेळ लागला. निराधार मुलांसाठी वेगळं मंडळ आणि अपराधात सापडलेल्यांसाठी वेगळं न्यायालय, अशी विभागणी देशभर लागू व्हायला १९८६ चा कायदा यावा लागला.

त्या १९८६ च्या जरा आधी जाऊ. आता मी तुला मुंबईबाहेर नेतो. कुठल्या राज्यातला तुरुंग हे सांगत नाही, कारण अशी मुलं अनेक राज्यांत होती. स्वातंत्र्याला जवळजवळ चाळीस वर्षं झालीत. तू एका बराकीत आहेस, मोठ्या कैद्यांमध्ये. फलाटावरच्या बॅगेतून तू बिस्किटांचा पुडा काढलास. तारीख पडते, पुन्हा पडते. तुझ्या राज्यात मुलांचा कायदा कागदावर आहे, मुलांसाठी वेगळं घर नाही, म्हणून तू इथं. आईबापांना तू कुठे आहेस हेच कळलेलं नाही. १८८२ मधला तो चाळिशीचा माणूस इथंही तुझ्या शेजारीच झोपलाय, चेहरा फक्त वेगळा.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे अशा मुलांची मोजदाद मागत सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्याआधी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या बायकांसाठीही त्या लढल्या होत्या. १९८६ मध्ये न्यायालयानं जिल्हा न्यायाधीशांना सांगितलं, तुरुंगांत जा आणि सोळा वर्षांखालची मुलं आहेत का ते डोळ्यांनी बघा. सात वर्षांपर्यंतच शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सोळाखालच्या मुलाविरुद्धचा तपास तीन महिन्यांत पुरा झाला नाही तर खटला बंद समजा. तुझ्या बराकीच्या दाराशी एक दिवस न्यायाधीश येऊन उभे राहतात आणि विचारतात, ‘तुझं वय काय रे बाळ?’ तुला ‘बाळ’ या हाकेचा अर्थ लागायला वेळ लागतो. तू मागे वळून बघतोस, दुसऱ्या कुणाला म्हणाले की काय.

पुढच्या कायद्यांनी हाकाच बदलल्या. २००० च्या कायद्यानं मुलगा असो की मुलगी, अठरा वर्षांपर्यंत मूलच मानायचं ठरवलं. २०१५ च्या कायद्यानं मुलांच्या बाबतीत आरोप ठेवणारे शब्दच वापरायचे नाहीत असं तत्त्व घातलं. तू आता ‘विधी संघर्षग्रस्त बालक’. शब्द जड आहे, डोंगरीच्या आसपास तो कोणी उच्चारत नाही. पण त्यातला विचार मला पटतो. संघर्ष ही आज चालू असलेली गोष्ट आहे, उद्या संपू शकते. गुन्हेगार म्हटलं की माणूस संपतो, शिक्का उरतो.

त्याच कायद्यात आणखी एक तत्त्व लिहिलंय: मुलाच्या आणि समाजाच्या हिताच्या आड येत नसेल तर न्यायालयीन कारवाईत न ओढता मार्ग काढावा. आणि संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. सोळा ते अठराच्या मुलानं निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल तर वाट वेगळी होते, प्राथमिक मूल्यांकन होतं, प्रौढांसारखा खटला चालू शकतो. त्यावर वाद आहेत आणि ते गंभीर आहेत. पण तुझं प्रकरण ते नव्हे. तू मुठीएवढं चोरणारा आहेस, आणि या दारात येणारे तुझ्यासारखेही पुष्कळ आहेत.

आजचा दिवस. तू रे रोडच्या झोपडपट्टीत राहतोस. बाप दोन वर्षांपूर्वी निघून गेला. आई पहाटे चारला ससून डॉकवर कोळंबी सोलायला जाते. पालिकेची शाळा सातवीला संपली, आठवीची शाळा लांब, तिथं तुझं नाव घालायला कोणाला वेळ झाला नाही. नाक्यावरचा एक मोठा मुलगा तुला वडापाव देतो, कधी पन्नास रुपये. त्यानं सांगितलं, त्या टपरीवर चार्जिंगला लावलेला मोबाइल आण, पाचशे देतो. तू आणलास. टपरीवाल्यानं तुला ओळखलं.

आता काय काय होत नाही ते बघ. हातात बेड्या पडत नाहीत. लॉकअपचं दार तुझ्यामागे लागत नाही. तुझ्याशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यांत असायला हवा, आणि तो तसा आहे. बालकल्याण पोलीस अधिकारी. तुझ्यावर एफआयआर लिहिला जात नाही. मोठ्या माणसांसोबत केलेला किंवा निर्घृण गुन्हा नसेल तर मुलाची नोंद फक्त ठाण्याच्या डायरीत होते, सोबत घरची माहिती लिहिलेला अहवाल जातो. चोवीस तासांच्या आत तुला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं. कुठल्यातरी ठाण्यात या प्रत्येक वाक्याच्या उलट आज घडत असेल, ते मला माहीत आहे. पण ही वाक्यं कायद्यात आणि नियमांत छापलेली आहेत, आणि ज्या हवालदाराला ती पाठ आहेत तो त्या रात्री तुझा सगळ्यात जवळचा नातेवाईक असतो.

तुझ्या कानावर बाहेरचं बोलणंही येतं. ‘सोडून देतील, निबंध लिहायला सांगतील.’ मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, आणि त्याच्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. तेव्हाचा लोकांचा संताप माझाही होता. पैसेवाल्याच्या पोरासाठी काही तासांत सगळे उभे राहिले, आणि रे रोडच्या पोरासाठी कोणी उभं राहत नाही, ही चीड खरी आहे. पण त्या संतापात एक गोष्ट आपल्या हातून सांडली. मुलाला कोर्टाच्या वाटेवरून वळवणं म्हणजे काय, याचं आपल्या डोक्यातलं चित्र त्या निबंधाएवढं झालं. ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी बनवलेल्या वाटेवर आपण थुंकलो. वळवणं म्हणजे तीनशे शब्द नव्हेत. कोणीतरी महिनोन्महिने तुझ्या घरी येणं, शाळेत तुझं नाव घालणं, नाक्यावरच्या त्या मुलाच्या आधी तुझ्यापर्यंत पोचणं, हे ते काम आहे. शिक्षेपेक्षा ते सोपं नाही. माझ्या मते मुलासाठीही नाही. तुरुंगात नुसतं पडून राहता येतं. इथं तुला दर आठवड्याला टपरीवाल्याच्या समोरून जायचंय.

खोलीत चल. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही. मंडळाची बैठक कोर्टासारखी दिसू नये असा नियम आहे. टेबलामागे तिघं: एक दंडाधिकारी, दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक तरी बाई असावीच लागते. बाजूला मदत-टेबल आहे, तिथं एक तरुण कार्यकर्ती बसते. परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा, सामाजिक तपासणी अहवाल टेबलावर आहे. १९२८ च्या त्या वहीचाच हा वंशज: घरी कोण, बाप कुठे, शाळा कधी सुटली, सोबत कोणाची, व्यसन आहे का. अधिकाऱ्याकडे अशी फार प्रकरणं असतात, प्रत्येक जिना चढायला वेळ मिळत नाही, आणि काही अहवाल ठाण्यात बसूनच लिहिल्यासारखे वाटतात. चार महिन्यांत चौकशी संपवायची असं कायदा म्हणतो; तारखा त्याआधीच लांबायला लागतात. तुझं नशीब की तुझ्या अहवालात आईच्या कामाची वेळ लिहिलेली आहे, पहाटे चार. म्हणजे हा माणूस खरंच येऊन गेला.

आई आलीय. आजचा रोज बुडवून. अंगाला कोळंबीचा वास येतोय म्हणून ती दाराशीच उभी राहते. सदस्य बाई म्हणतात, ‘पुढे या ताई, बसा.’ तू आईला कोणी खुर्ची दिलेली पहिल्यांदाच बघतोस.

ठरतं असं: तू घरी जायचंस, आईच्या ताब्यात, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. सोमवारी कार्यकर्ती तुझ्यासोबत आठवीच्या प्रवेशाला येणार. शनिवारी समुपदेशनाचा गट. मोबाइल टपरीवाल्याला मिळालेला आहे. तो म्हणाला, ‘पोरगं उपाशी होतं, मला मागितलं असतं तरी दिलं असतं.’ हे सगळं पार पडलं तर ही नोंद पुढे तुझ्या आड येणार नाही, नोकरीच्या फॉर्मात नाही, पासपोर्टच्या वेळी नाही. तुझे कागद मुदत संपल्यावर नष्ट करायचे असतात. एकशे साठ वर्षांच्या या फेरीत पहिल्यांदा कायदा तुझ्यासाठी विसरायला तयार आहे.

आई हमीपत्रावर अंगठा देते. कोळंबीच्या काट्यांनी तिची बोटं सोललेली आहेत, ठसा नीट उमटत नाही. कारकून दुसऱ्यांदा पॅड पुढे करतो. दुसऱ्यांदाही पुसट. ‘चालेल,’ दंडाधिकारी म्हणतात.

तू दाराकडे वळतोस. बाकावर तुझ्याच वयाचा एक जण बसलाय. रात्री निरीक्षणगृहात तुझ्या शेजारी होता. नखांना व्हाइटनर लागलेला, पायात दोन वेगळ्या चपला. त्याचं नाव पुकारतात. तो उठून टेबलापुढे जातो.

‘तुझ्याबरोबर कोण आलंय?’

तो खाली बघतो.

कायद्यात त्याच्यासाठीही जागा आहे: जामीनदार नसेल तरी सोडता येतं, देखरेखीखाली देता येतं, एखाद्या योग्य व्यक्तीच्या हाती सोपवता येतं. योग्य व्यक्ती, असा शब्दच आहे तिथं. दंडाधिकारी कागद उलटतात. खोलीत कोणी बोलत नाही. मदत-टेबलामागची मुलगी त्याला जवळ बोलावते, विचारते, ‘गाव कुठलं?’ तो सांगतो, पार धाराशिवकडचं. ‘गावात कोणाचा नंबर आठवतो?’ तो बराच वेळ आठवतो. आजीच्या शेजारी किराणा दुकान आहे, त्या दुकानाचा. आकडे एकेक करून सांगतो, मध्ये चुकतो, पहिल्यापासून सांगतो. ती फोन लावते आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवते.

पलीकडे घंटा वाजतेय. तो मुलगा फोनकडे बघतोय, आणि दारात उभी असलेली तुझी आईही.